पूजेपुरतं पाणी

लातूरला जिल्हा आला आणि पाणी गेलं. साहजिकच गावातल्या शहाण्यांनी समिती काढली. राज्य सरकारला पुरोगामी पाणीधोरणाचा पर्याय द्यायचा म्हणे. अध्यक्ष भीमाशंकरअप्पा, आडत व्यापारी. मार्गदर्शक बापूसाहेब वकील, खास नांदेडहून आणलेले. मसुदा लिहायला मी, कारण कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि अक्षर बरं आहे. अकलेची चौकशी कुणाचीच झाली नव्हती.

बैठक अप्पांच्या ओसरीवर भरे. समोरच त्यांची विहीर, अजून पाणी धरून असलेली. मागच्या गल्लीत मल्लम्माची सून बाळंत झाली होती, तिच्या आंघोळीला पाणी नव्हतं. आम्ही मात्र समता हा शब्द पहिल्या कलमात घ्यावा की दुसऱ्या, यावर चहा ढोसत होतो.

शेवटी ठरलं: दुष्काळात खासगी विहिरी सर्वांना खुल्या. बापूसाहेबांना चेव आला. म्हणाले, "सुरुवात आपल्यापासूनच करू." आता समितीत विहीर एकट्या अप्पांची. अप्पा गोड हसले आणि कलमाला शेपूट जोडलं: देवस्थानच्या विहिरी वगळून. बापूसाहेबांनी मान डोलावली. लोकभावना जपली पाहिजे, म्हणाले.

सोमवारी पाहते तो विहिरीच्या काठाला महादेवाची पिंड, ताजं हळदकुंकू लावलेली. लोकांपासून पाणी वाचवायला देव राखणीला बसवला होता. मला या माणसांची शिसारी आली.

कलमाची बातमी गल्लीत पोचलीच होती. बायका घागरी घेऊन आल्या. पुढं मल्लम्मा.

"विहीर आता देवाची हाय," अप्पा म्हणाले. "पाणी फक्त पूजेला."

मल्लम्मानं पदराआडून गळ्यातलं लिंग काढलं आणि तळहातावर धरलं. "मग माझ्या देवानं काय घोडं मारलंय, अप्पा? पूजा हुईना झालीय त्याची, पाण्यावाचून."

अप्पा स्वतः लिंगायत, म्हणजे देव गळ्यातला, देवळातला नव्हे. त्यांच्याही सदऱ्याखाली तेच होतं. आडतीतले चार जातभाई फाटकाशी उभे होते. अंगावरच्या लिंगापेक्षा काठावरची पिंड मोठी, असं त्यांच्यादेखत म्हणायची छाती अप्पांची नव्हती. देव आणताना स्वतःचा धर्मच विसरला होता गडी.

"घे," ते पुटपुटले. "पूजेपुरतंच."

मल्लम्मानं घागर भरली, पाठोपाठ गळ्यात लिंग असलेल्या बाकीच्यांनी. शेवटी धुरपताबाई पुढं आली, गल्लीच्या टोकाची, दलित वस्तीतली. अप्पांना एकदम कंठ फुटला.

"हिच्या गळ्यात लिंग न्हाई. हिला न्हाई मिळायचं."

मी बापूसाहेबांकडं पाहिलं. समतेचं कलम त्यांनीच सांगितलं होतं. ते चष्मा पुसत बसले. चांगला स्वच्छ चष्मा होता.

मल्लम्मानं आपली भरलेली घागर धुरपताबाईच्या रिकाम्या घागरीत ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पुन्हा काठाशी आली आणि पोहरा आत सोडला.

"आता परत कशापायी?" अप्पा ओरडले.

"पाणी सरलं की, अप्पा. पूजा तशीच राहिली."

धुरपताबाई घागर घरी रिचवून परत आली. मागं तिच्या वस्तीतल्या सगळ्या बायका होत्या. मल्लम्माची पूजा दिवस मावळेपर्यंत चालली.