बरणीभोवतीचा कापूस

बरणी विकणं सोपं, ती धड पोचवणं अवघड. हे मला धंद्यात पडल्यावर कळलं, आणि पडल्यावर कळून काय उपयोग!

मी रूपा. जळगावात पिंप्राळ्याकडे आमचं पत्र्याचं घर आहे. पुढच्या खोलीतून मी चिनी मातीच्या बरण्या ऑनलाइन विकते. नवरा प्रेमराज पाइपच्या कंपनीत पाळीला जातो, त्यामुळे माल भरणं, पॅक करणं, कुरियरला नेऊन देणं सगळं माझ्याच गळ्यात. ज्या साइटवर मी विकते तिचा नियम कडक आहे. एका हंगामात पाच बरण्या फुटून पोचल्या की दुकान बंद. लोणच्याच्या दिवसांत, ऐन वैशाखात, माझ्या चार फुटल्या होत्या.

दोष पॅकिंगचा होता, हे मलाही दिसत होतं. पण तो फुगे-फुग्यांचा प्लास्टिक रोल घ्यायचा तर बरणीपेक्षा पांघरूण महाग. मी मुळातली चिकट बाई. औषधाच्या दुकानांतून मी रिकामी खोकी मागून आणली. छापखान्यातून कागदाचं कातरण आणलं, ते प्रवासात बसायचं आणि बरणी आत खुळखुळायची. असोद्याचा माझा मावसभाऊ दीपक म्हणाला, केळीची वाळकी पानं घे, फुकट आहेत. त्यानं मोटारसायकलवर दोन भारे आणून टाकले. आठ दिवसांनी पुण्याच्या एका बाईंनी मला फोटो पाठवला. बरणीचा नव्हे, त्यांच्या ओट्यावरून चाललेल्या गोमेचा.

मग मी पिंजाऱ्याकडे गेले.

मुख्तारचाचांचं दुकान जुन्या गावात आहे. गाद्या भरून देतात, जुना कापूस पिंजून पुन्हा भरतात. मी म्हटलं, गादीत भरण्यालायक नसलेला एखादा कापूस असेल तर द्या. त्यांनी कोपऱ्यातल्या तीन गोण्यांकडे बोट केलं.

"ते घेऊन जा. पिंजलेला आहे, पण कुणाच्या गादीत मी तो घालत नाही."

"का हो?"

"गेलेल्या माणसांच्या गाद्यांचा आहे, बेटा. लोक आणून टाकतात. मला फेकवत नाही, भरवत पण नाही."

किंमत त्यांनी सांगितली ती ऐकून मी दुसरं काही ऐकलंच नाही. खरं म्हणजे ऐकायला हवं होतं. कारण महिन्यापूर्वी एक गादी मीच त्यांच्या हातगाडीवर टाकली होती.

ती गादी माझ्या सासूची, कमलबाईंची. आमच्यात रीत अशी की माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी त्याची गादी गावाबाहेर न्यायची, उसवायची आणि कापूस मूठमूठ करून वाऱ्यावर सोडायचा. लेकीनं आणि सुनेनं सोडायचा. त्याशिवाय माणूस मोकळं होत नाही म्हणतात. माझी नणंद रत्नाअक्का धुळ्याला असते. तिच्या घरी आजारपण होतं म्हणून ती दुसऱ्याच दिवशी परतली आणि जाताना मला म्हणाली, "वहिनी, मनी मूठबी तूच सोडजो." तिच्या वाटची मूठही मीच सोडेन, असं मी कबूल केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या दहा ऑर्डरी खोळंबल्या होत्या. दारावरून हातगाडी चालली होती. मी गादी अख्खीच्या अख्खी उचलून दिली. अक्काला फोनवर सांगितलं, झालं सगळं रीतसर.

आणि त्याच्याही आधीचं एक आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सासूला सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायू झालेला. तिची खाट पुढच्याच खोलीत, खिडकीला लागून. मीही तिथेच पॅकिंग करायची. चैत्रातली दुपार होती, झळा अशा की कागद उडत होते, धूळ बसून चिकटपट्टी चिकटत नव्हती. मी खिडकी लावली. सासू म्हणाली, "खिडकी उघाड वं, माय." ती सगळ्यांनाच माय म्हणायची. मी म्हटलं, आले पाच मिनिटांत. पार्सलं उचलली आणि कुरियरवाल्याकडे गेले. तिथे रांग होती. मी दीड तासानं आले. पत्र्याखालच्या त्या बंद खोलीत तिचं तोंड खिडकीकडे वळलेलं होतं.

सगळ्यांना मी सांगितलं की आईंनीच खिडकी लावायला लावली, धूळ येत होती म्हणून. कुणी शंका घेतली नाही. रत्नाअक्का तर माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, तू होतीस म्हणून आईचं सगळं नीट झालं. माझं माहेर म्हणजे आता तीच. आईवडील नाहीत, बहीण नाही, दिवाळीला मला साडी घेणारं या जगात दुसरं कुणी नाही. तिला हे कळू नये, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

तर मी तो कापूस आणला. एवढ्या गाद्यांत नेमकी तीच कशाला असेल, असं स्वतःला बजावलं. बरणीच्या पोटात कापूस, बाहेरून कापूस, मग खोकं. खोकं मी स्वतः पायरीवरून खाली टाकून पाहिलं. बरणीला काही झालं नाही.

त्यानंतर एकही बरणी फुटली नाही. पण गिऱ्हाइकांचे अभिप्राय यायला लागले.

पहिला नाशिकच्या बाईंचा. "बरणी सुंदर. बोलणारं एखादं खेळणं चुकून खोक्यात राहिलं आहे का? आम्हाला सापडलं नाही." पाच तारे दिले होते. मी हसले.

दुसरे नागपूरचे गृहस्थ. त्यांनी लिहिलं होतं, "'खिडकी उघाड' म्हणजे खिडकी उघडच ना? आम्ही उघडली. मग आवाज थांबला. माल चांगला आहे."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तिसऱ्या सोलापूरच्या होत्या. त्यांनी बरणीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, "आजी आता बऱ्या आहेत का?"

मी गोण्या खोलीच्या मध्ये ओढल्या. भर दुपार होती, बाहेर चिटपाखरू नव्हतं. पहिल्या दोन गोण्यांना नुसता धुळीचा वास. तिसरीचं तोंड सोडलं आणि मशेरीचा वास आला. सासू मशेरी लावायची. कापूस ऊन होता, आत्ताच कुणीतरी त्यावरून उठून गेल्यासारखा. मी गोणीत तोंड घालून हाक मारली, "आई." मग नीट विचारलं, मग ओरडले. शेवटी हात जोडले. ती काहीच बोलली नाही. परक्या माणसांशी बोलत होती, नाशिकला, नागपूरला, सोलापूरला बोलत होती. माझ्याशी नाही. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आधी वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. रत्नाअक्का.

"वहिनी, एक गंमत सांगू? तुझी बरणी मागवली मी. दीपमालाच्या नावानं मागवली. माझ्या नावानं मागवली असती तर तू पैसे घेतले नसतेस. आज येतेय म्हणून मेसेज आला."

दीपमाला तिची लेक, लग्न होऊन आडनाव बदललेली. धुळ्याचं ते पार्सल मी चार दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं भरलं होतं. पत्त्यावर देवपूर, अक्काचाच भाग, वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आणि ते भरलं होतं याच तिसऱ्या गोणीतून.

"अक्का, उघडू नका," मी म्हटलं. "ती बरणी खराब निघालीय. मी येते, बदलून देते."

"एका बरणीसाठी जळगावहून? येडी का काय तू!"

"येते मी. उघडू नका तेवढी."

एक नवी बरणी पिशवीत घातली आणि एसटी पकडली. एरंडोल गेलं, पारोळा आलं. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मी खिडकीच्या काचेला हात लावून बसले होते. शेजारच्या म्हातारीला झळ लागत होती. ती म्हणाली, "बाई, तेवढी काच लाव ना." माझ्यानं ती लावली गेली नाही. शेवटी तिनंच माझ्या अंगावरून वाकून लावली, आणि धुळं येईस्तोवर मला धड श्वास घेता आला नाही.

देवपुरात अक्काच्या घराशी पोचले तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. गल्लीतली सगळी घरं दारं-खिडक्या ओढून घेऊन बसलेली. एकाच घराची खिडकी सताड उघडी होती आणि पडदा बाहेर फडफडत होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. अक्का जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात फाडलेलं खोकं, बाजूला बरणी, अगदी शाबूत. मांडीवर कापूस. त्याच्या मधोमध खळगा पडला होता, डोकं टेकतं तेवढा. अक्का त्या खळग्याच्या कडेनं हात फिरवत होती. खिडकीतून झळा येत होत्या आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"गादी उसवली नव्हतीस तू," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटलंच. उघडल्या उघडल्या वास आला." तिनं मान वर केली नाही. "आई बोलली माझ्याशी. खिडकी उघाड म्हणाली. मी उघडली. तरी मला एक कळेना, वहिनी. जिला खिडकी उघडी लागायची, तिची खिडकी त्या दिवशी कोनी लायेल व्हती?"

अक्का माझ्याशी गावची बोली बोलायला लागली की एकतर लाडात असते, नाहीतर रागात. या वेळी काय होतं ते तिच्या तोंडाकडे पाहून मला कळेना.

मी दोन महिने घोकलेलं वाक्य आपसूक तोंडातून निघालं. "आईंनीच लावायला सांगितली होती, अक्का. धूळ येत होती म्हणून."

अक्काचा हात कापसावर थांबला. आणि तिच्या मांडीवरून, त्या खळग्यातून, धाप लागलेल्या माणसाचा आवाज आला. मी तो आवाज सहा वर्षं रोज ऐकला होता.

"हा, रत्ना. मीच सांगेल व्हतं. धूय येत व्हती."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. सुटले, असंच मनात आलं. अक्कानं डोळे मिटले, तिचे खांदे सैल पडले. ती हसलीसुद्धा. "बरं झालं," ती म्हणाली, "माझ्या मनात नाही नाही ते येत होतं." आणि तिनं हात पुढे करून माझा हात धरला.

तो हात मला सोसवेना. तिच्या मांडीवरच्या कापसाकडे बघवेना. माझ्याशी दोन महिन्यांत एक शब्द न बोललेली ती बाई पहिल्यांदा बोलली, तीही माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेण्यासाठी. मी तिला काय दिलं होतं? एक लावलेली खिडकी आणि पाच मिनिटांचा वायदा.

"नाही, अक्का," मी म्हटलं. "मी लावली. चिकटपट्टीला धूळ बसत होती म्हणून लावली. त्या उघड म्हणत होत्या. मी पार्सलं घेऊन निघून गेले. दीड तासानं परत आले."

अक्कानं हात काढून घेतला, सावकाश, माझ्या हाताला काहीतरी लागलेलं असावं तसा. बराच वेळ ती खळग्याकडे बघत राहिली. तिला वाटत असावं की आई आता तरी काही म्हणेल. मलाही वाटत होतं. कापूस गप्प होता.

"मनी माय जल्मभर खोटं बोलनी नही," शेवटी अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मरेल माणूसले तू खोटं बोलाले लावं."

ती उठली. ओटीत कापूस घेऊन खिडकीशी गेली आणि एकेक मूठ बाहेर सोडायला लागली. झळ तो उचलत होती, समोरच्या पत्र्यावरून, तारांवरून पांझरा नदीच्या बाजूला नेत होती. मी उभीच होते. मला बस म्हणावं की जा म्हणावं, हेही ती विसरली होती. शेवटची मूठ राहिली तेव्हा ती वळली आणि ती मूठ तिनं माझ्यापुढे धरली.

"ही तुझी. रीत आहे म्हणून. मग घरी जा, आणि उरलेला कापूस तिथं सोड. दिवाळीला येऊ नकोस."

मी मूठ घेतली. ती अजून ऊन होती. रत्नाअक्का बघत होती तरी मी ती कानाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. काही ऐकू आलं नाही. मग हात खिडकीबाहेर काढला आणि सोडली.