ओळखीचं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी सगळ्यात आधी सरांचं रक्त तपासलं जायचं. सर आजारी होते म्हणून नव्हे. उलट, सर ठणठणीत होते म्हणून.

आमचं काम रक्तातली सूक्ष्म द्रव्यं मोजण्याचं. जस्त, तांबं, आणि मुख्य म्हणजे सेलेनियम. हे सेलेनियम माणसाला लागतं इतकं थोडं, की चिमूटभरात एखादं कुटुंब वर्ष काढेल. कमी पडलं तर त्रास, जास्त झालं तर विष, आणि दोन्हींमधलं अंतर अगदी बारीक. ते मोजणारं आमचं यंत्र भलतंच नखरेल. रोज सकाळी त्याला आधी एक ओळखीचं रक्त पाजावं लागतं, म्हणजे ज्यातलं सेलेनियम किती ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं. यंत्राने तोच आकडा दाखवला पाहिजे. नाही दाखवला तर कान पिळून दाखवायला लावायचं आणि मग दिवसभर बाकीच्यांची रक्तं त्याच मापाने मोजायची. हे कान पिळण्याचं काम माझं. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

हे ओळखीचं रक्त पूर्वी परदेशातून सीलबंद कुप्यांत यायचं. मग ते यायचं थांबलं. कुठल्या तरी बंदरात अडकलंय, एवढंच कळायचं. यंत्र उपाशी, काम ठप्प, आणि सरांचा जीव खाली-वर. शेवटी एके दिवशी त्यांनीच बाही वर केली.

"माझं घ्या," ते म्हणाले. "गेली किती वर्षं आपण माझं रक्त मोजतोय. आकडा कधी इकडचा तिकडे झालाय? कुपी येईपर्यंत चालवा माझ्यावरच."

हे खरंच होतं. सरांचं जेवण ठरलेलं, झोप ठरलेली, चिडणंसुद्धा ठरलेलं. त्यांच्या रक्ताचा आकडा आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता. तेव्हापासून दर आठवड्याला मी सुई घेऊन त्यांच्या दारात उभी राहायचे आणि म्हणायचे, "सर, यंत्राला भूक लागलीय." सर कागदांतून मान वर न करता हात पुढे करायचे.

त्याच सुमारास आमचा मोठा अभ्यास सुरू झाला. धडधाकट माणसांत सेलेनियमची कमतरता किती, हे बघायचं होतं. धडधाकट माणसं रक्त द्यायला सहसा तयार होत नाहीत, म्हणून आम्ही आपापली माणसं ओढून आणली. मी माझ्या धाकट्या बहिणीला आणलं.

धाकटीचं केस कापायचं दुकान आहे. तीन खुर्च्या, भिंतभर आरसे, आणि सतत चालणारी तिची बडबड. तिच्यासारखी निरोगी बाई मी पाहिली नाही. साधी सर्दी झाली तरी आश्चर्य वाटावं. केस तर असे, की गिऱ्हाइकं तिच्या वेणीकडे बोट दाखवून म्हणायची, असे करून द्या.

"सुई नको हं टोचू, ताई. मी काही आजारी नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच टोचतेय. गप बस."

तिचा आकडा काठावर आला, जरासा कमीच. अभ्यासात ठरलंच होतं की कमी निघेल त्याला सेलेनियमचे थेंब फुकट द्यायचे. धाकटी खूश झाली. फुकटचं औषध, तेही बहिणीकडचं. पुढच्या खेपेला तपासलं तर आकडा आणखी खाली. अभ्यासातल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब वाढवले. त्यापुढच्या खेपेला आणखी खाली. थेंब पुन्हा वाढले.

तिची एकटीचीच गोष्ट असती तर मला शंका आली असती. पण सगळ्यांचेच आकडे उतरत होते. सर तर हरखून गेले होते. "अख्ख्या गावात कमतरता आहे, बघा! कुणाला पत्ता नाही!" असं म्हणत ते हात चोळत फिरायचे. मोठ्या परिषदेत हे मांडायचं म्हणून त्यांनी नवा कोटही शिवायला टाकला होता.

इकडे धाकटीचे केस गळायला लागले. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग झुबक्यांनी. ती डोक्याला रुमाल बांधून दुकानात उभी राहायला लागली. "केस कापणारीच टकली झाली, आता गिऱ्हाईक बसेल का खुर्चीत?" असं म्हणून स्वतःच हसायची. मग नखांवर पांढरे पट्टे आले, नखं तुटायला लागली. मला वाटलं, कमतरता हाडीमासी खिळलीय. मी स्वतः तिला ओरडायचे, "थेंब चुकवू नकोस. एक दिवससुद्धा नाही."

"नाही गं चुकवत," ती म्हणायची. "तू सांगितल्यावर चुकवीन का?"

मग बोटं. आधी मुंग्या, मग बधिरपणा. एकदा कात्री हातातून सुटली आणि एका बाईच्या कानाला लागली. बाई फार ओरडली नाही, पण धाकटी त्या दिवशी दुकान अर्ध्यात बंद करून माझ्याकडे आली. तिला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

"ताई, माझी बोटं गेली तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. मी चेष्टेत म्हटलं, "लसूण कमी खा, म्हणजे गिऱ्हाइकं पळणार नाहीत."

"मी लसूण खात नाही हे तुला माहीत नाही का?" ती फणकारली. "घरातसुद्धा सगळे हेच म्हणतात. दिवसातून तीनदा दात घासते मी."

हा वास माझ्या चांगल्या ओळखीचा होता, पण कुठला ते काही केल्या आठवेना. मीही डोकं फार शिणवलं नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात पार्सल आलं. बंदरातून सुटलेल्या कुप्या! मी अक्षरशः टाळी वाजवली. सर त्यांच्या खोलीत परिषदेचं भाषण लिहीत होते. मी म्हटलं, आधी सगळं नीट लावून घेऊ, मग त्यांना बोलवू. कुपी फोडली, यंत्राला पाजली, यंत्र त्या मापाला लावलं, आणि नुसती गंमत म्हणून सरांच्या रक्ताची नळी लावली.

आकडा तिपटीहून जास्त आला.

मी यंत्राला चार शिव्या घातल्या. नळ्या धुतल्या, आम्ल बदललं, पुन्हा लावलं. तेच. म्हटलं, कुपी खराब असेल, इतके दिवस बंदरात उन्हात पडली होती. दुसरी फोडली. तेच. तिसरी फोडली. तेच. तीन कुप्या एकच खोटं बोलणार नाहीत.

मग शीतकपाटातून धाकटीची पहिली नळी काढली, अभ्यासाच्या पहिल्या दिवशी गोठवून ठेवलेली. ती लावली.

आकडा अगदी हवा तिथे होता. ना कमी, ना जास्त. पुस्तकात छापावा तसा.

मग तिची परवाची नळी लावली. यंत्राने आकडा दाखवला. तो कमतरतेचा आकडा नव्हता. विषबाधेचा होता.

मी स्टुलावर बसले. आता सगळं सरळ दिसत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. सरांच्या रक्तातलं सेलेनियम वाढत चाललं होतं आणि मी रोज सकाळी यंत्राचा कान पिळून त्याला सांगत होते, हेच बरोबर, हेच नेहमीचं. सरांच्या पुढे मग सगळं गाव कमी भरणारच होतं. सर जितके वर चढत होते, तितकी धाकटी खाली दिसत होती. आणि तितकेच जास्त थेंब आम्ही तिला पाजत होतो.

तेवढ्यात सर आत आले. "आल्या म्हणे कुप्या?" त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहिलं.

आणि मला तो वास आला. लसणाचा. कोलेस्टेरॉलसाठी खात असतील म्हणून आम्ही कित्येक महिने त्यांच्या पाठीमागे हसत होतो, तोच. अंगात सेलेनियम साठलं की श्वासाला हाच वास येतो.

"सर," मी म्हटलं. "तुम्ही काय घेताय?"

ते पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातमोजे काढले. प्रयोगशाळेत आम्ही सगळेच हातमोजे घालतो, टोपी घालतो. त्यात कुणाचं काय झाकलंय हे कोण बघतं? त्यांच्या दोन बोटांना नखं नव्हती. उरलेल्यांवर धाकटीच्या नखांवरचेच पांढरे पट्टे होते.

"आपलं लाल पाणी," ते म्हणाले.

लाल पाणी म्हणजे आम्हीच बनवलेले सेलेनियमचे नॅनोकण. इतके बारीक, की बाटलीत ते तळाशी बसतच नाहीत, नुसता लालबुंद रंग दिसतो. शरीराला साध्या सेलेनियमपेक्षा ते कमी बाधतात, असा सरांचा दावा होता. कमी बाधतात म्हणजे बाधतच नाहीत, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. माणसांवर अजून कुणी वापरून बघितलं नव्हतं. परवानगीही नव्हती.

"रोज?" मी विचारलं.

"आधी थोडं. मग वाढवत गेलो." ते खुर्चीत बसले, एकदम म्हातारे झाल्यासारखे. "मी बेसावध नव्हतो गं. रोज माझा आकडा बघत होतो. रोज बरोब्बर यायचा, तसूभर हलायचा नाही. मला वाटलं, साठतच नाही हे! किती सुरक्षित आहे! केस, नखं... म्हटलं, वय झालं."

मला रडावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. "तो बरोबर येणारच! आम्ही यंत्र तुमच्यावरच लावत होतो! तुम्हीच सांगितलं होतंत!"

सरांचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यभर मुलांना मोजमाप शिकवलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. माझ्या तरी कुठे आली होती? हात पुढे करायची त्यांना सवय झाली होती आणि सुई टोचायची मला.

"तुझी बहीण," ते एकदम म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाकीचे सगळे. थांबव. सगळ्यांचे थेंब आत्ताच्या आत्ता थांबव. मी डॉक्टरीणबाईंना सांगतो. सगळं सांगतो."

त्यांनी फोन उचलला. त्यांच्या बोटांना बटणं नीट दाबता येत नव्हती.

मी धाकटीला फोन लावत लावतच जिना उतरले. ती उचलेना. भर दुपारी, अंगात पांढरा कोट तसाच, मी रस्त्यातून धावत सुटले. लोक वळून बघत होते, बघू देत. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, थेंब चुकवू नकोस, एक दिवससुद्धा नाही.

दुकानात ती एकटीच होती. खुर्च्या रिकाम्या. आरशाच्या फळीवर कंगव्यांच्या शेजारी थेंबांची बाटली आणि पाण्याचा पेला. पेला रिकामा होता.

मी तिला धापा टाकत सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. हे धाकटीच्या बाबतीत कधी घडलेलं मला आठवत नाही.

"म्हणजे माझं कमी नव्हतंच?" शेवटी तिने विचारलं.

"नव्हतं."

"कधीच?"

"कधीच नाही. तू अगदी छान होतीस."

ती हसली. त्या हसण्याने माझ्या काळजात जे झालं ते मी कुणाला सांगू शकणार नाही. "मी आलेच होते ते तुला एक धडधाकट माणूस हवं होतं म्हणून," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. केस परत येतात, नखं परत येतात, मी बोलत सुटले. थेंब बंद झाले की शरीर हळूहळू सगळं बाहेर टाकतं. तुला आज संध्याकाळीच मोठ्या डॉक्टरांकडे नेते.

"आणि बोटं?"

मी रिकामी बाटली पुन्हा विसळायला लागले. बोटांचं कुणालाच सांगता येत नव्हतं.

"बस," ती खुर्चीकडे मान हलवत म्हणाली. "बस गं. काय तुझे केस झालेत, धावून धावून. मला हाताला काहीतरी काम दे. नाहीतर मी किंचाळेन."

मी बसले. तिने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ मारायला तिला फार वेळ लागला. मग तिने पाण्याची फवाऱ्याची बाटली उचलली आणि माझ्या डोक्यावर फवारायला लागली. फवारत राहिली. पाणी कपाळावरून आलं, कानामागून मानेवर उतरलं, कापडाच्या आत शिरलं. आरशात ती माझ्या केसांतून बोटं फिरवत होती, एकदा, पुन्हा एकदा, कपाळाला आठ्या घालून.

"ताई," तिने विचारलं, "केस भिजले का गं?"