घरात मागे राहिलेला श्वास

भोगीच्या आदल्या सकाळी हनुमंतरावांनी आणखी एक डोसा मागितला आणि जयलक्ष्मीअम्मांना हसू फुटलं.

"इतकं तर तुम्ही आपल्या लग्नातही खाल्लं नव्हतं!"

"तुझ्या बापानं वाढलं असतं, तर खाल्लं असतं की!"

अप्पांचा चेहरा गोल झाला होता, गालांवर लाली आली होती. कुंभकोणमच्या बाजारात जन्मभर समया विकलेला हा माणूस महिन्याभरात स्वतःच घासूनपुसून ठेवलेल्या समईसारखा दिसू लागला होता. तंजावरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल असलेली त्यांची मुलगी भुवनेश्वरी रविवारची म्हणून घरी आली होती. कॉफीचा डवरा हातात धरून ती बापाकडे पाहत होती. ती हसत नव्हती.

"काय गं, जाड्या पुस्तकासारखं तोंड केलंस?"

"तुमचा चेहरा सुजलाय, अप्पा."

"सुजला नाही, भरला! श्वासाचा पंप ओढीत होतो तेव्हा गालफडं बसली होती. तेव्हा तुजला बरा वाटत होतो?"

"तेव्हा काय घेताय ते ठाऊक होतं. आता कोणालाच ठाऊक नाही."

"भस्म देणाऱ्या सामियारला ठाऊक आहे. पुरे!" असं म्हणून त्यांनी विठ्ठलाच्या भजनातली एक ओळ उचलली आणि शेवटचा स्वर इतका लांबवला, की शेजारच्या अलमेलुअम्मांनी भिंतीपलीकडून "बलें!" म्हणून दाद दिली.

भुवनेश्वरीच्या जिभेवर एक वाक्य आलं. कॉलेजच्या दिवसांपासून ते असंच जिभेपर्यंत येऊन परत जात असे. त्याही दिवशी गेलं. संध्याकाळच्या बसने ती तंजावरला परतली.

तिने पाहिलेला तो शेवटचा साधा दिवस.

अप्पांचा दमा जुना होता, पण घरात त्याला दमा म्हणायची सोय नव्हती. "त्यांना थंडी बाधते," एवढंच. लग्नाची मुलगी असलेल्या घरात तो शब्द कोणी उच्चारीत नसे, आणि मुलगी चाळिशीला आली तरी ती सवय सुटली नव्हती. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायला पंप दिला होता. अप्पा तो घेतही. अडचण व्हायची ती मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात. महिनाभर पहाटे सोवळ्यात भजन, आणि पंप लागतो ओठांना, म्हणजे उष्टा. उष्ट्या तोंडाने देवाचं नाव कसं घ्यायचं? म्हणून सकाळचा पंप राहायचा. कावेरीकडून येणारं धुकं, मठातला साम्ब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर आणि त्यात तासभर वरच्या पट्टीतलं गाणं. छाती शिट्ट्या मारू लागायची आणि अप्पा झांज वाजवून त्या शिट्ट्या झाकायचे.

अशा वेळी तिरुनागेश्वरमच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात 'मूच्चु सामियार' उतरले. सामियार म्हणजे साधू, मूच्चु म्हणजे श्वास. नाव पोट भरण्याइतकं बोलकं होतं.

गर्दी तर विचारू नका. कारमधून आलेले होते, बैलगाडीतून आलेले होते, एक गृहस्थ ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन आले होते. व्यासपीठावर उंच समई, तिला एकच जाड वात. सामियार ध्वनिवर्धकात सांगत, "फुप्फुस म्हणजे भाता. भात्यात बसलाय नाग. डॉक्टर नागाला पंपाने वारा घालतात, त्याला झोप लागते. मी त्याला बाहेर काढतो! माझ्या भस्मात सात डोंगरांचा वारा आहे. परदेशातले शास्त्रज्ञ सात डोंगर शोधतायत, त्यांना अजून पाचच सापडलेत!"

मग रोग्याला समईपुढे उभं करायचं. "फुंक!" रोगी बिचारा छाती पिळवटून फुंकी. ज्योत वाकायची, पण पुन्हा उभी राहायची. सामियार गर्दीकडे वळून म्हणायचे, "पाहिलंत? नागाने वाट अडवलीय." मग जिभेवर मधातून भस्म द्यायचं आणि पाऊण तास नामावळी चालायची. शेवटी पुन्हा, "फुंक!" आणि ज्योत गप्पकन् विझायची. समई तीच, वात तीच, माणूस तोच. बायका रडायच्या.

अप्पांनीही फुंकलं. पहिल्यांदा ज्योत राहिली, दुसऱ्यांदा गेली. छातीही खरोखरच मोकळी झाली होती. सामियारने तांब्याचा हंडा पुढे केला. "ते उष्टं त्यात टाक. भस्म हा प्रसाद आहे, त्याने सोवळं मोडत नाही." एवढ्या एका वाक्यावर अप्पांनी पंप हंड्यात टाकला.

पोंगलसाठी सामियार दुसऱ्या गावी मुक्कामाला गेले. भस्म संपलं. भोगीच्या पहाटे गल्लीगल्लीत जुन्या चटया, केरसुण्या आणि कुठे कुठे टायरही पेटले. भजनाहून परतताना तो धूर अप्पांच्या छातीत गेला. घरी पोचले तेव्हा त्यांना पुरतं वाक्य बोलता येत नव्हतं, गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती, ओठ निळसर पडले होते. जयलक्ष्मीअम्मांनी लोणच्याच्या बरण्यांमागे राहिलेला एक जुना पंप शोधून त्यांच्या तोंडाला लावला. तो रिकामा होता. रुग्णवाहिका पूल ओलांडायच्या आत सगळं संपलं.

दिवस झाले. सामियार सांत्वनाला आले, दारात पायही न धुता म्हणाले, "अम्मा, शेवटच्या क्षणी तुम्ही त्यांच्या तोंडात उष्टं दिलंत. नाग परत शिरला. आता त्यांचा श्वास घराबाहेर पडणार नाही. अष्टौप्रहर साम्ब्राणी जाळा. पुढच्या गुरुवारी मी मोकळा करीन."

त्या दिवसापासून अम्मांनी डोळ्याला डोळा लावला नाही. धुपाटणं विझू दिलं नाही. भुवनेश्वरीने रजा वाढवली. घर पाहुण्यांनी भरलेलं, कोण कोणत्या खोलीत शिरेल याचा नेम नाही. तिच्या पिशवीच्या तळाशी जे होतं ते तिने बाहेर काढलं नाही.

एका दुपारी पाहुणे गेले आणि घर रिकामं झालं. धुराचा निळा पडदा माजघरात तरंगत होता. अम्मा एकदम थबकल्या.

"ऐकलंस?"

भुवनेश्वरीला ऐकू आलं. बारीक, लांबट शिट्टी. दूर कुणी जुनी पेटी वाजवावी आणि तिच्या भात्याचीच हवा जास्त ऐकू यावी, तशी. अप्पा झांजेखाली झाकत, तोच आवाज. तिच्या अंगावर काटा आला. इतकी पुस्तकं वाचलेली बाई, पण त्या क्षणी तिने अप्पांच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि तो किंचित हलला असं तिला वाटलं.

"तेच आहेत," अम्मा पुटपुटल्या. "मी दिलं. मीच दिलं त्यांच्या तोंडात."

आवाज नक्की कुठून येतोय ते कळावं म्हणून भुवनेश्वरीने श्वास रोखला.

आवाज थांबला.

तिने श्वास सोडला. शिट्टी पुन्हा आली, पाटाकडून नाही, देवघरातूनही नाही. ती पाटावर हात टेकून हळूच खाली बसली. आता छातीवरचं ओझंही कळलं, आणि गेले कित्येक दिवस येणाऱ्या कोरड्या खोकल्याचा अर्थही. अम्मांना सांगायला तिने तोंड उघडलं, पण ते जुनं वाक्य पुन्हा जिभेवरूनच परत गेलं; अम्मा धुपाटण्यात आणखी साम्ब्राणी घालायला उठल्या होत्या.

ती अंगणात गेली. पिशवीच्या तळातला आपला पंप ओढला. मग अप्पांच्या रिकाम्या पुडीच्या घडीत चिकटून राहिलेलं चिमूटभर भस्म घेऊन तंजावरला कीर्तिकडे गेली. कीर्ति छातीविकारांची डॉक्टर, कॉलेजातली मैत्रीण. तपासणीचा निकाल यायला काही दिवस लागले. तेवढ्या दिवसांत भुवनेश्वरीने बंद दुकानाचं एक फळकूट उघडून एक समई काढली, जाड वात लावली आणि तोंडाने फुंकून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा. दिव्यावर फुंकायचं नाही, दिवा फुलाने शांत करायचा, ही त्यांच्या घरची, त्या सगळ्या गल्लीची शिस्त. हजारो समया विकलेल्या अप्पांनी सामियारपुढे उभं राहीपर्यंत एकीवरही कधी फुंकर मारली नव्हती. गर्दीतल्या कुणीच मारली नव्हती. म्हणून ज्योत केव्हा विझते आणि केव्हा नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी कार्यालय तुडुंब भरलं. व्यासपीठावर अप्पांचा हार घातलेला फोटो, पुढे समई. सामियार म्हणाले, "विधवेच्या फुंकरीने ज्योत विझली, तर श्वास मोकळा झाला समजायचा. आधी फुंका, अम्मा."

"आधी ह्यांना फुंकू द्या," म्हणत भुवनेश्वरी पुढे आली. तिने बोट दाखवलं ते जानकीरामकडे. सामियारचा हा शिष्य दोन्ही खांद्यांवर एकेक स्पीकर वाहून आणी.

"मला काय झालंय?" जानकीराम हसला.

"म्हणूनच तर!"

गर्दीला गंमत वाटली. "फुंक रे पैलवान!" मागून कुणी ओरडलं. जानकीरामने गाल फुगवून फुंकलं. ज्योत वाकली आणि उभी राहिली. त्याने चिडून पुन्हा फुंकलं. ज्योत पुन्हा उभी.

"अरे, याच्या पण छातीत नाग!" अलमेलुअम्मा ओरडल्या, आणि पहिलं हसू फुटलं.

"हा भक्तीचा विषय आहे, पोरी, तमाशाचा नाही," सामियार म्हणाले.

"सरि, सामी. मग भक्तीच करू. नामावळी होऊ द्या. भस्म मात्र कुणी घ्यायचं नाही."

लोकांनी नामावळी म्हटली, जरा जास्तच जोरात म्हटली, कारण प्रत्येकाला शेवट पाहायचा होता. ती संपल्यावर भुवनेश्वरीने आईला समईपुढे आणलं. रडून रडून कोमेजलेल्या त्या बाईने जेमतेम ओठ हलवले. ज्योत विझली.

"पाहा! श्वास मोकळा झाला!" सामियार गरजले.

"मोकळा झाला तो कापूर," भुवनेश्वरी म्हणाली. तिने शेजारच्या ताटातली दुसरी तयार वात उचलून सर्वांसमोर उलगडली. आतून पांढरे खडे ओघळले. "मी समईवाल्याची मुलगी. सुरुवातीला वात जाड, पोटात कापूर, तेल काठोकाठ. तेव्हा ती जानकीरामलाही विझत नाही. पाऊण तासाने कापूर संपतो, तेल तळाला जातं, वात काजळते. तेव्हा ती लहान पोरालाही विझते. सामींना काहीच करावं लागत नाही. ते फक्त वेळ काढतात."

"पण मला आराम पडला होता!" ऑक्सिजनवाले गृहस्थ उभे राहिले. "तो काय खोटा?"

उत्तर भुवनेश्वरीबरोबर आलेल्या कीर्तिने दिलं. "तो खरा. कारण भस्मात स्टिरॉइडच्या आणि श्वासनळ्या उघडणाऱ्या गोळ्या कुटून घातल्यात. त्यानेच भूक वाढते, चेहरा गोल होतो. किती गोळ्या, कुणाला, कशाला, काही मोजमाप नाही. आणि ते एकाएकी बंद झालं, तर शरीरापाशी स्वतःचं बळ उरलेलं नसतं. हनुमंतराव तसे गेले. म्हणून हे भस्म घेणाऱ्यांनी आजच डॉक्टर गाठा. मनानेच सोडू नका, मनानेच चालूही ठेवू नका."

सामियार खुर्चीवरून उठले होते, पण आपणही फसलो हे उमगलेला जानकीराम दारात उभा होता आणि तो बाजूला होत नव्हता.

जयलक्ष्मीअम्मांचं मन यातल्या कशातच नव्हतं. त्या विझलेल्या वातीकडे पाहत होत्या. "दिवा खोटा, भस्म खोटं, सगळं कबूल. पण मी श्वास ऐकलाय गं. आपल्या घरात. तो कुणाचा? मी दिलेल्या पंपानंच ते अडकले ना?"

मंगल कार्यालयातही साम्ब्राणी जळत होती. भुवनेश्वरीने आईचा हात धरला आणि स्वतःच्या पाठीवर नेऊन ठेवला.

"कान लाव."

अम्मांनी कान लावला. मुलीच्या बरगड्यांखाली तीच बारीक शिट्टी होती.

"तुझा?"

"माझा. धूर झाला की वाजतो. तू जाळलेल्या धुपानं वाजला. अप्पा कुठंही अडकलेले नाहीत, अम्मा. तू दिलास तो पंप रिकामा होता, पण औषध बरोबर होतं. त्या घरात त्या पहाटे तू एकटीनंच बरोबर केलंस."

अम्मा खाली बसल्या आणि भोगीपासून पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

भुवनेश्वरीने पिशवीच्या तळातून पंप काढला. तो हलवला, श्वास पूर्ण सोडला, कळ दाबत सावकाश आत ओढला आणि रोखून धरला. जरा थांबून आणखी एकदा. लोक पाहत होते. कुणीतरी धुपाटणं बाहेर नेलं. हळूहळू शिट्टी विरळ झाली. कुठलाही नाग बाहेर आला नाही.

मग ती गर्दीकडे वळली. "आत श्वासाच्या नळ्या सुजतात, आवळतात, त्यांत चिकटा साचतो. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा जाताना वाजते. एवढंच आहे. धूर, धूळ, धुकं, सर्दी, ज्याला जे बाधतं त्यापासून लांब राहायचं. सूज धरून ठेवणारा पंप बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा, धाप लागली की दुसरा. आणि रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायला डॉक्टरच सांगतात. चूळ भरली की तोंड उष्टं राहत नाही, हे तर आपल्याला आजोबांपासून ठाऊक आहे. मग खुशाल भजन करा. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एकदा फुंकून पाहा."

बोलायचं होतं ते झालं होतं. तरी ती उतरली नाही. ती फोटोपुढे जाऊन उभी राहिली. हे कळलं असतं तर अप्पांनी ते आपल्याच रक्ताचं देणं म्हणून मनाला लावून घेतलं असतं, म्हणून तिने कधी सांगितलं नव्हतं. ध्वनिवर्धक अजून चालू होता. तिने तो बंद केला नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "मलाही दमा आहे. कॉलेजात होते तेव्हापासून. मी रोज पंप घेते, आणि मी नीट आहे."