ऑस्कचे टोमॅटो

"मारले परत," ग्लेनिस म्हणाली आणि तिने चहाचा घोट घेतला.

म्हाताऱ्या ऑस्कचे टोमॅटो तिने पुन्हा एकदा पाण्यावाचून वाळवले होते. स्क्रीनवरच्या वाफ्यात नुसत्या काड्या उभ्या होत्या. "आता बघ हं, ब्रिडी," म्हणत तिने मला खुर्ची ओढून बसायला लावलं. इस्पितळातून परतलेला ऑस्क बेटाच्या धक्क्यावर उभा होता. तो म्हणाला, "चल, बोट लागली." बस, एवढंच. आदल्या दिवशी तिने रोज पाणी घालून टोमॅटो लालबुंद केले होते, तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

होबार्ट शहराच्या मूना भागात एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस आहे. गोष्टी सांगणारे गेम आम्ही बनवतो. मी संवाद लिहिते, झेन कोड लिहितो आणि लॅकलन मालक असल्यामुळे काळजी करतो. ग्लेनिस पर्डन ही आमची टेस्टर. तिची उमेदीची वर्षं ह्युऑनच्या खोऱ्यात सफरचंदं निवडण्यात गेली. पट्ट्यावरून फळं सरकत यायची, डागी असेल ते उचलून बाजूला टाकायचं. ते काम बंद पडलं तेव्हा ती आमच्याकडे आली. आमच्या गेममध्ये माणसाला जितक्या तऱ्हांनी वागता येईल तितक्या सगळ्या तऱ्हांनी ती वागून बघते. सकाळी देवमाणूस, जेवणानंतर चोर. एरवी ही बाई बेकरीवालीला विचारल्याशिवाय जिन्यावरची मांजरसुद्धा उचलून घेत नाही.

ऑस्कचा प्रसंग माझा. तो इस्पितळात जायला निघतो आणि आपल्याला विचारतो, "माझ्या टोमॅटोंना पाणी घालशील का?" आपण हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, कोपऱ्यात अक्षरं उमटतात: 'ऑस्क हे लक्षात ठेवील.'

"पण तो ठेवतच नाही," ग्लेनिस लॅकलनला म्हणाली. "मी तपासलंय. पाणी घाला नाहीतर घालू नका, म्हातारा तेच बोलतो."

"ती चूक नाहीये गं. असंच ठरलंय ते."

"खोटं बोलायचं ठरलंय?"

लॅकलनने कपाळ चोळलं. गेम शुक्रवारी बाहेर पडायचा होता. "हे बघ, सगळ्याच गेममध्ये असं असतं. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपल्या हातात काहीतरी आहे. शेवटी बोट सगळ्यांची सुटतेच."

"मग वाटू दे की. लक्षात ठेवील म्हणून छापून कशाला सांगता? एकदा सांगितलं ना, मग ठेवू दे त्याला लक्षात."

"म्हणजे दोन-दोन संवाद लिहा, बोलून घ्या, परत तपासा. आणि ऑस्कचा आवाज देणारा गडी गेलाय पर्थला."

"मी या प्रसंगाला ठीक म्हणणार नाही," ग्लेनिस म्हणाली.

"नको म्हणूस. मग प्रसंगच काढून टाकतो. ना ऑस्क, ना टोमॅटो, ना कटकट."

त्या आख्ख्या गेममध्ये मला स्वतःला आवडलेलं असं मी तेवढंच लिहिलं होतं. मी ग्लेनिसला म्हटलं, "जाऊ दे ना. एका ओळीपायी माझा म्हातारा मारशील तू."

"तुझाच म्हातारा ना? मग तो खोटारडा ठरलेला चालतो तुला?"

झेनने कानावरचे हेडफोन काढले. "ग्लेनिस, तुझे बाबा तरी कुठे लक्षात ठेवतात? तू गेलीस काय नि नाही गेलीस काय, त्यांना कुठे कळतंय? तरी जातेसच ना तू?"

ग्लेनिसच्या वडिलांचं नाव बर्न; ते नदीपलीकडे बेलरीव्हच्या वृद्धाश्रमात आहेत. ते तिला ओळखत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण असं तोंडावर कोणी कधी काढलं नव्हतं. झेन मनाचा वाईट नाही. मुद्दा सुचला की त्याला दम निघत नाही. बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. ग्लेनिसने कप विसळला, पालथा घातला आणि ती घरी गेली. मी मनातल्या मनात ऑस्कवर पाणी सोडलं.

सकाळी आम्ही आलो तेव्हा ती जागेवर बसलेली होती. झेनने घसा खाकरला, तर म्हणाली, "माफीबिफी नको मागूस. तुझं बरोबर आहे."

"कशात?"

"विसरू दे म्हाताऱ्याला. मी बाबांकडे जाते ती काही त्यांच्या लक्षात राहावं म्हणून नाही. 'जा, ते लक्षात ठेवतील' असं कोणी मला म्हटलं असतं तर मी चिडले असते. माझ्या जाण्याची किंमत कमी केल्यासारखं वाटलं असतं." ती लॅकलनकडे वळली. "नवे संवाद नकोत. तेवढी कोपऱ्यातली ओळ काढा, मी ठीक म्हणते."

"ओळ काढली तर आपण काहीतरी निवडलं हे लोकांना कळणार कसं?" झेन म्हणाला.

"समोर वाफा आहे, हातात झारी आहे. आणखी काय कळायचंय?"

"पण मग त्या निवडीचा उपयोग काय? बदलत तर काहीच नाही."

"टोमॅटो जगतात की," ग्लेनिस म्हणाली.

झेन कीबोर्डकडे वळला. त्याने ओळ काढली. लॅकलन उभ्याउभ्याच खेळायला लागला. ऑस्क बोटीत बसून गेला. वाफा आला. लॅकलनने सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं, तिथे काहीच उमटलं नाही. तो जरा घुटमळला. मग खुर्ची ओढून बसला आणि त्याने एकेका रोपाला पाणी घातलं. मालक आहे, गेम त्याला पाठ आहे, ऑस्क पुढे काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने एक रोप सोडलं नाही.

"आता काय?" त्याने विचारलं.

"आता काही नाही," ग्लेनिस म्हणाली. "आता उद्या परत घालायचं."

"राहू दे मग असंच," लॅकलन म्हणाला आणि उठला.

मी इतकी वर्षं निवडीचे प्रसंग लिहिते आहे. खेळणाऱ्याला बदल्यात काय दाखवायचं, याचाच मी कायम विचार करत आले. काहीच दाखवलं नाही तर ती निवड निव्वळ त्याची स्वतःची होते, हे मला ग्लेनिसने शिकवलं. तिच्याबद्दल मला आधी माया होती, त्या दिवसापासून आदर वाटायला लागला.

शुक्रवारी गेम बाहेर पडला. ग्लेनिसची गाडी दुरुस्तीला गेलेली होती, म्हणून मी तिला पुलापलीकडे सोडायला गेले आणि तिच्याबरोबर आतही गेले. बर्न खिडकीपाशी बसले होते. हात मोठे, बागेत काम केलेल्या माणसाचे. खिडकीत कुंडी होती आणि तिच्यात टोमॅटोचं रोप. खाली दोन हिरवी फळं धरली होती.

"तुम्ही कोण, बाई?" त्यांनी ग्लेनिसला विचारलं.

"टोमॅटोला पाणी घालायला आलेय."

"असं होय. घाला, घाला. पानांवर नका ओतू, बुडाशी घाला."

तिने नळावरून पेला भरून आणला आणि बुडाशी पाणी घातलं. ते पुढे वाकून पाहत राहिले. कुंडीतली माती काळी झाली तसे ते मागे टेकले.

"बरं केलंत," ते म्हणाले. "माझ्या तर काही ध्यानात राहत नाही आताशा. पण मुलगी यायची आहे माझी, ग्लेनी. तिला सांगतो तुमचं. तिच्या सगळं लक्षात राहतं."

"हो, राहील तिच्या," ग्लेनिस म्हणाली, आणि पेल्यात उरलेलं पाणीही तिने कुंडीत घातलं.