चार नंबरच्या टेबलासमोर

मी ट्रायपॉड बोलतोय. कॅमेऱ्याखाली तीन पाय फाकून उभा असतो ना, तोच. सिनेमा संपल्यावर पडद्यावर जी नावं सरकतात त्यांत माझं नाव कधी नसतं, आणि त्याचा मला आजवर राग आलेला नाही. राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात; मला तर तळपाय तीन आहेत.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या कापल्या, एकीत दुसरी सरकवली, वर डोकं बसवलं. तपासणाऱ्या बाईने माझ्या माथ्यावर लोखंडाचं वजन ठेवलं, दहा मिनिटं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा काही हलत नाही." त्या दिवसापासून मला वाटत आलं की, न हलणं म्हणजेच चांगुलपणा. किती मूर्ख होतो मी!

माझा पहिला मालक लग्नांचं शूटिंग करायचा. तो मला 'स्टँड' म्हणायचा, गाडीच्या टपावर बांधायचा आणि जेवणाची पंगत बसली की माझ्यावर कोट टांगायचा. त्याच्याकडे माझ्या एका पायाची पकड गेली. मग एका जुन्या सामानाच्या दुकानात मी दोन वर्षं धूळ खात पडलो.

तिथून मला कवळीताईने नेलं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, म्हणून हौशी फिल्म मंडळातले सगळे तिला कवळीताई म्हणतात. तीही हसून ओ देते. मेणात एकेक दात बसवणारी तिची बोटं. तिने माझी पकड उघडली, आत रबराची चकती घातली, पुन्हा आवळली. "उभा राहा बघू," म्हणाली. मी उभा राहिलो. कुणीतरी माझ्याशी पहिल्यांदाच बोललं होतं.

मंडळात पंधरा जण. दर रविवारी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भेटायचे. हौशी माणसांची एक गंमत मी पाहिली आहे: कोणती लेन्स चांगली यावर ही मंडळी सहा महिने भांडतील, आणि लेन्स आली की घरच्या मांजराचं शूटिंग करतील. पण प्रेमळ होती. एकमेकांच्या बॅटऱ्या चार्ज करून आणायची. मंडळाचे अध्यक्ष चष्म्याचं दुकान चालवायचे. ते प्रत्येक सभेत म्हणायचे, "आपण इथे कलेसाठी जमतो, कटकटींसाठी नाही."

घरी कवळीताई आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांनी चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली. आता त्यांचे हात थरथरतात. कप अर्धाच भरावा लागतो. ते त्याचीही थट्टा करत. "माझ्या हातात दे तो कॅमेरा. भूकंपाचा सिनेमा फुकटात होईल."

देशाची निवडणूक आली. आमच्या मतदारसंघात तीन उमेदवार. कागदी मतपत्रिका, नावासमोर एक चौकट, चौकटीत पेनाने फुली. बाबा मत देऊन आले. बूट न काढता खुर्चीत बसले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"फुली मारली गं. पण हात घसरला. रेघेबाहेर गेली थोडी."

"अहो, मग काय झालं? कुणाला दिलंय ते कळलं की मत धरतात. नियमच आहे तसा. बाद करायचं तर आधी सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवावं लागतं."

"नक्की ना?"

"नक्की."

या एका शब्दाचा तिला पुढे किती जाच झाला, ते मीच जाणतो.

मतमोजणीचं चित्रण करायची परवानगी मंडळाच्या नावाने मिळाली होती. ताईने मला खांद्यावर टाकलं. एका शाळेच्या व्यायामशाळेत आठ टेबलं मांडली होती. आमची जागा दोरीच्या अलीकडे, चार नंबरच्या टेबलासमोर. योगायोग असा की बाबांच्या केंद्राची पेटी त्याच टेबलावर फुटली. त्या केंद्रात वृद्धांच्या वसाहतीची दोन अख्खी आवारं होती.

इतक्या लांबून कागदावरचं मला दिसत नाही. पाहतो तो कॅमेरा. पण माझं डोकं जिकडे वळवलं जातं तिकडचं सगळं मला ऐकू येतं. प्रतिनिधी चहाला गेले, आणि तेवढ्यात टेबलप्रमुखाचा आवाज घाईला आला.

"बाद. बाद. हे पण बाद."

मोजणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, पण हे कळतंय ना कुणाला दिलंय. नुसती फुली जरा बाहेर..."

"बाहेर म्हणजे बाहेर. मला साताच्या आत घरी जायचंय. पुढचं घे."

ताईचा हात माझ्या मुठीवर होता.  तिने कॅमेरा त्या बाद कागदांच्या ट्रेवर नेला आणि हलवला नाही. मीही हललो नाही. अर्ध्या तासात त्या एका टेबलावर एकशे बारा मतं बाद झाली. बाकीच्या टेबलांवर पाच-सहाच्या वर आकडा गेला नाही. निकाल लागला एक्केचाळीस मतांच्या फरकाने. जिंकलेल्याला शंभरातली चाळीस मतंही नव्हती. उरलेली साठ दोघांत फाटली होती. लोकांनी त्यालाच खांद्यावर घेतलं आणि बाहेर फटाके वाजले.

रविवारी ताईने ते चित्रण मंडळाला दाखवलं. पंधराच्या पंधरा जणांनी पाहिलं: थरथरत्या फुल्या, त्यांवरून फिरणारा हात, भरत जाणारा ट्रे.  मग अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हे बाहेर गेलं तर वाचनालय आपल्याला ही खोली देईल का? परवानगी आपल्याला मोजणी टिपायला मिळाली होती, अधिकाऱ्यांना पकडायला नाही."

"पण दिसतंय ते खरं आहे ना, काका?" ताई म्हणाली.

"खरं-खोटं ठरवणारे आपण कोण? मतदान घेऊ. दाखवायचं की नाही."

इथे ताईने जे केलं ते तिच्यासारख्या सरळ माणसालाच सुचेल. चार-पाच जण कुजबुजत होते की, त्या मोजणाऱ्या मुलीचा चेहरा दिसतो, तिची नोकरी जाईल. ताई म्हणाली, "मग तिसरा पर्यायही ठेवा. चेहरे झाकून दाखवायचं. सगळ्यांचं मत नीट यायला हवं."

तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. निकाल असा लागला: दाखवू नये, सहा. जसंच्या तसं दाखवावं, पाच. चेहरे झाकून दाखवावं, चार.

"दाखवू नये," अध्यक्ष म्हणाले. "सहा मतं. सर्वांत जास्त."

"अहो, पण नऊ जणांना दाखवायचंय!" ताई ताडकन उठली. "नऊ! फक्त कसं दाखवायचं एवढ्यावरच फरक आहे. पुन्हा घेऊ. प्रत्येकाला पहिली पसंती, दुसरी पसंती लिहू द्या. चौघांची दुसरी पसंती मोजा म्हणजे कळेल."

"पर्याय कुणी घातला? तूच ना?"

"हो, पण..."

"मग आता निकाल आवडला नाही म्हणून पद्धत बदलायची? बाई गं, लोकशाही आहे ही."

त्या चौघांकडे तिने पाहिलं. मंडळाचा आवाजवाला, जो दर सिनेमाला तिच्यासोबत माइक धरून उभा राहायचा, तो वायर गुंडाळत म्हणाला, "मी तुझ्याच बाजूचा होतो गं." हे ऐकून माझ्या नळ्या आतून झणझणल्या. तिच्याच बाजूचे! सगळ्या देशात हीच माणसं भरली आहेत. एकाच बाजूची, दोन चिठ्ठ्यांवर वाटली गेलेली, आणि नंतर वायर गुंडाळणारी. आणि त्यांना तसं वाटून टाकणारी पद्धत भिंतीसारखी उभी, जणू देवानेच बांधली आहे. अरे, माणसांनी बांधली आहे ती! माझ्यासारखीच, नळ्या कापून, स्क्रू आवळून. ढिली करून पुन्हा बांधता येते.

नियमाप्रमाणे ताईने मेमरी कार्ड मंडळाच्या कपाटात ठेवलं. प्रत काढली नाही. "मंडळाचं आहे, मंडळाकडेच राहू दे. चोरून प्रत काढली तर त्या टेबलप्रमुखात आणि माझ्यात फरक काय?" असं ती बाबांना म्हणाली.  मी कोपऱ्यात होतो. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

तिने निवडणूक कार्यालयात लेखी तक्रार केली आणि मागणी केली की, मंडळाकडचं चित्रण कार्यालयानेच मागवावं. कार्यालयाने मागवलं. पण मधल्या रविवारी मंडळ तळ्यावरच्या पक्ष्यांचं शूटिंग करायला गेलं होतं. कपाटातलं कार्ड घेतलं, कॅमेऱ्यात घातलं आणि आधी पुसलं. कार्ड घातलं की आधी पुसायचं, हा मंडळातल्या नवशिक्यांचा पहिला धडा. तो शिकवायची कवळीताईच.

चार नंबरच्या टेबलावरच्या एकशे बारा माणसांवर आता बगळे उभे आहेत.

सुनावणी झाली. ताई मलाही घेऊन गेली, कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर होता ते दाखवायला. मला त्या दालनात मधोमध उभं केलं. अधिकारी हसले. "रिकाम्या ट्रायपॉडची साक्ष घ्यायची का आता?" मोजणारी मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मला आठवत नाही." अध्यक्षांनी पत्र पाठवलं होतं: चित्रण पुरेसं स्पष्ट नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या नजरेचे नंबर काढणारा माणूस! आवाजवाला मात्र आला. जे पाहिलं ते त्याने सांगितलं. अधिकारी म्हणाले, "पडद्यावर पाहिलंत. कागद नाही पाहिला."

"मग बाद मतांची पोती उघडा ना, साहेब," ताई म्हणाली. "कागद आहेत की आत."

"पुराव्याशिवाय पोती उघडत नाहीत."

"आणि पुरावा पोत्यात आहे."

"अपील करा."

तिने अपील केलं. बाद मतांची पोती मोजणीपासून एकशे ऐंशीव्या दिवशी जाळतात, असा नियम आहे. अपिलाची तारीख मिळाली एकशे ब्याण्णवाव्या दिवसाची. ताईने तो कागद दोनदा वाचला. मग ती हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यावर कॅमेरा नाही. फळी आहे. तीवर लिहिलंय: 'अपील होईपर्यंत पोती जाळू नका.' रोज सकाळी लॅबमध्ये जाण्याआधी ताई मला निवडणूक कार्यालयासमोरच्या फुटपाथवर उभं करते. शेजारी घडीच्या खुर्चीवर बाबा बसतात, मांडीवर सह्यांची वही. ती कामाला जाते. आम्ही दोघं दुपारपर्यंत राहतो.

फुटपाथवरून माणसं फार जवळून कळतात. काही जण वाचतात आणि घड्याळ बघतात. एक गृहस्थ रोज सांगतात, "आजोबा, सगळेच चोर. कशाला उन्हात बसता?" हे सगळेच चोर म्हणणारे लोक मला टेबलप्रमुखापेक्षा जास्त चीड आणतात. त्याला निदान घरी जायची घाई होती. यांना कसलीच घाई नाही. पण वृद्धांच्या वसाहतीतून म्हाताऱ्या बाया येतात, एकमेकींचा हात धरून. "आमच्यातल्या कुणाकुणाची मतं गेली असतील हो?" असं विचारतात आणि वाकडीतिकडी सही करतात. तीनशे सहा सह्या झाल्या.

आज मोजणीपासूनचा एकशे अठरावा दिवस. सुनावणीचे ते अधिकारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले. आज थांबले. वाईट माणूस नाही, आवाजात माया होती. तेच जास्त झोंबलं.

"आजोबा, किती त्रास करून घेता? झालं ते झालं. पुढच्या निवडणुकीला जरा जपून फुली मारा. चौकटीत."

बाबा कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. घडीच्या खुर्चीतून ते उठले. उठायला माझा पाय धरला. त्यांची थरथर माझ्या तिन्ही नळ्यांतून जमिनीत गेली.

"साहेब, माझं मत त्यात होतं की नव्हतं, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत हा हात आणखी थरथरणार. तरी मी येणार. तुम्ही तुमची चौकट मोठी करून ठेवा."

अधिकारी फळीकडे वळले. फळीवरचा मजकूर त्यांनी पहिल्यांदाच पुरता वाचला, असं त्यांच्या थांबण्यावरून वाटलं. मग ते आत गेले. सही केली नाही.

बासष्ट दिवस उरले आहेत. मला हलता येत नाही, मतही देता येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं. या फुटपाथवरून जाल तेव्हा घड्याळ बघू नका. वही उघडीच असते, आणि पेन बाबांच्या हातात आहे. तेवढं त्यांच्याकडून मागून घ्या.