एका हाताचा घड्याळजी

"काका, सापडला!" पुतणीनं लॅपटॉप माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या काउंटरवर आदळला. "चौकातलं घड्याळ कुणी बसवलं ते. एका हाताच्या घड्याळजीनं! परवा प्रबंध देते मॅडमना."

मशीनमध्ये माझा कागद तिरका गेला. तो घड्याळजी माझा. बारा वर्षांपूर्वी, गिऱ्हाईक नसताना, मित्रांना टोपी घालायला गावाच्या इतिहासाची वेबसाइट काढली होती. त्यात त्याला जन्माला घातला.

"बाई गं, थाप आहे ती. मीच मारलीय."

"हो का? बाबांना शाळेत नाचाचं बक्षीस मिळालं होतं, हेही तूच सांगितलंस, ती थाप निघाली. आता तुझं काय खरं मानू? पाच वेबसाइटवर आहे हे, काका."

आयुष्यभर थापा मारल्या, लोकांनी मिटक्या मारत ऐकल्या. एकदा खरं बोललो, तर घरचीच पोरगी पुरावा मागते!

"पाचही उघड. ओळी जुळवून बघ."

शब्दन् शब्द तोच. घड्याळजीला चक्कर आली ती सगळीकडे शिडीच्या एकोणिसाव्याच पायरीवर. लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या कागदाचा दाखला नाही. सगळ्यात जुनी तारीख माझ्या पानाची.

"आणि तुझ्या पानावरचा त्याचा फोटो?"

मी माझ्या जुन्या नाटकाचा अल्बम काढला. एक हात सदऱ्यात लपवलेला मीच. तोच सदरा, त्याच चिकटवलेल्या मिशा. पुढच्या फोटोत मात्र माझे दोन्ही हात बाहेर, एकात चहाचा कप.

वाटलं, हसेल. तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "चार महिने लिहीत होते रे."



तिनं माझ्यासमोरच मॅडमना फोन लावला, काही न लपवता सांगितलं. आठ दिवस मिळाले. मी माझी वेबसाइट बंद केली, बाकी चौघांना कळवलं. तिघं गप्प. चौथ्यानं विचारलं, 'हे खोटं आहे याला आधार काय?'

दुकान बायकोवर सोपवून मी पुतणीबरोबर ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं उलटत बसलो. सहाव्या दिवशी दोन ओळी सापडल्या. चौकात घड्याळ बसवलं, लोक जमले होते. कुणी बसवलं, ते नाही.

तिनं वहीत लिहिलं, 'बसवणाऱ्याचं नाव मिळालं नाही.'

"एवढंच?"

"एवढंच माहीत आहे."

माझ्या जिभेवर तीन झकास नावं आली होती. गिळली, आणि वर्तमानपत्रांच्या पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडली.