हळदीच्या कढईखालची झाडं

“गुरुजी, शेतीच्या तासाला आपण झाडं लावायला शिकतो, का जाळायला?”

हे विचारून दाखव, अशी पैज दीक्षाने आपल्या वर्गमैत्रिणीशी लावली होती. विचारलं शिलाने. आणि मान खाली गेली ती माझी! आता कढईला मान कुठली म्हणा.

मित्रांनो, मी हळद शिजवायची एक जुनी कढई आहे. आखाडा बाळापूरच्या लोहाराने मला घडवलं. डोंगरकडा गावाजवळच्या बंजारा तांड्यावर, शिलाच्या बापूच्या, म्हणजे अमरसिंगांच्या बैलगाडीतून मी ठणठणत आले. उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी काय ऐट असायची! आज या शेतात, उद्या त्या. फेस वर आला की वास तांडाभर पसरायचा. कढई लई गुणाची, असं जो तो म्हणायचा आणि मी फुगायचे. खाली काय जळतंय, हे कधी पाहिलंच नाही. माझं तोंड वर असतं ना!

आधी बाभळी गेल्या. मग पळस. माझ्या बुडाची काजळी म्हणजे तीच झाडं.

हिंगोली जिल्हा नवानवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. शाळेमागे मुलांनी लावलेली हळद शिजवायला मला नेलं. सरपण सरलं. प्रेमानंद गुरुजींनी कुंपणाकडेची कडुलिंबाची झाडं तोडायला लावली. याच मुलांनी डब्याडब्याने पाणी घालून ती जगवली होती. ओलं लाकूड नुसतं धुमसत राहिलं, आणि तेव्हाच शिलाने विचारलं.

गुरुजी डोळे पुसत राहिले. धूरही होताच.

“चुकलं पोरी,” ते म्हणाले. “आता मिळूनच शिकू.”

मग पुढच्या घाण्याला, म्हणजे हळदीच्या पुढच्या खेपेला, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आणल्या, ज्या एरवी शेतातच पेटवून देतात. माझ्यावर हळदीचाच पाला आणि ओलं पोतं दाबलं. वाफ आत कोंडली, हळद मऊ शिजली. एवढं सोपं होतं! मग त्या बाभळी मी उगाच खाल्ल्या? ही टोचणी अजून जात नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख नका करू. माझ्याखाली काय घालता, तेवढं आधी बघा.

घरी मला अंगणात पालथं घातलं. पहिल्यांदाच माझं तोंड जमिनीकडे होतं. बांधावर एकच लिंब उरलेलं, बैलांच्या सावलीचं. घरच्या हळदीला सरपण म्हणून तेच तोडायला अमरसिंग कुऱ्हाडीला धार लावून राहिले होते. शिलाची याडी, म्हणजे आई, पारुबाई हिने लेकीला टोमणा मारला, की शाळा शिकून आता लाकडाबिगर हळद शिजवशील व्हय?

“व्हय, याडी,” शिला म्हणाली. “बापू, कुऱ्हाड ठेवा. औंदा लिंब पडणार न्हाई. पऱ्हाट्या मी अन् दीक्षा आणतो, चुलीपाशी मी बसते. हळद कच्ची राहिली, तर मग मला बोला.”